उलटा अर्ज

आमच्या फुटबॉल क्लबच्या जनरल मॅनेजरला शिव्या घालायला आम्ही चौघं दर शनिवारी संध्याकाळी मामांच्या दुकानात जमतो. मामा पाट्या रंगवतात. ओल्या पाट्या भिंतीला टेकवलेल्या असतात आणि बसायला रंगाचे रिकामे डबे असतात. तसे ते सगळ्या गल्लीचे मामा, पण सख्खे मामा एकाचेच, आमच्या संघाच्या लेफ्ट बॅकचे, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचे. सहा वर्षांचा असल्यापासून तो भाचा याच दुकानाच्या शटरवर बॉल मारून शिकला. त्या शटरवर आजही एकही पोचा नाही अशी जागा शोधावी लागते.

भाच्याचा करार त्या महिनाअखेर संपत होता. तो वाढवला नाही, तर पोरगं कुठल्या तरी लांबच्या संघात जाणार आणि मामांची ताई घरात एकटी राहणार. मामांना दुसरं काही नको होतं. करार वाढायला हवा, बस्स.

"एकसष्ट गोल खाल्ले!" मामांनी ब्रश डब्यात आपटला. "एकसष्ट! माझं वय आहे तेवढे!"

"घातले अठ्ठेचाळीस," मी म्हणालो. मी शाळेत गणित शिकवायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात आणि माझ्याकडून असलीच माहिती अपेक्षित असते.

"त्याचं काय लोणचं घालू? चार-चार फॉरवर्ड! सगळेच नवरदेव, वरातीत चालायला एक माणूस नाही!"

"आमच्याकडे असं केलं तर तुरुंगात टाकतील," लिफ्टवाला म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि जगाकडे तारेला लटकून बघतो. "लिफ्टला मोटरी चार, ब्रेक एकही नाही. वर जाताना मजा येईल हो. खाली येताना बोलू."

डॉक्टरीणबाई दातांच्या डॉक्टर. त्या आमच्यात सर्वांत शांत, म्हणजे त्या शांतपणे चिडतात. "तीन वर्षांचा इतिहास बघा," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी आपण गोलकीपर मागितला. त्याने फॉरवर्ड आणला. दुसऱ्या वर्षी डिफेंडर मागितला. दोन फॉरवर्ड आणले. गेल्या वर्षी मी स्वतः लिहिलं, बाबा रे, निदान आहे तो डिफेंडर ठेव. आठवड्यात विकला. हा माणूस मूर्ख नाही. हा पेशंट आहे. तोंड उघड म्हटलं की मिटणारा."

क्लबची एक पद्धत आहे. मोसम संपला की प्रत्येक स्टँडमधल्या चार समर्थकांना जनरल मॅनेजर भेटीला बोलावतो आणि एका पानावर लेखी मागण्या घेतो. यंदा आमच्या स्टँडमधून आम्ही चौघं होतो.

मामा डॉक्टरीणबाईंकडे वळले. मग म्हणाले, "मिटणाऱ्याला सांगायचं, मिट."

"म्हणजे?"

"उलटं लिहायचं. डिफेंडर नकोत, फॉरवर्ड आणा. आणि पहिली मागणी, लेफ्ट बॅक काढा."

"मामा, तो तुमचा भाचा आहे!"

"म्हणूनच पहिली!"

आता सांगायला लाज वाटते, पण आम्हाला ती युक्ती बेहद्द आवडली. चार शिकलेली, कमावती, एरवी दूध उतू जाऊ न देणारी माणसं आम्ही. पान मामांनीच लिहिलं. नुसतं 'काढा' लिहून साहेबांना पटणार नाही, कारणं दमदार हवीत, असं लिफ्टवाल्याचं मत पडलं. मामा अर्धी पाटीही खोटी रंगवत नाहीत. त्यांनी विचार करकरून चार कारणं लिहिली. उजवीकडे वळताना उशीर होतो. हेडरला डोळे मिटतो. पुढे गेला की मागे यायचं विसरतो. आणि गोल खाल्ला की पुढची दहा मिनिटं रुसतो. खाली आम्ही चौघांनी सह्या केल्या.

साहेबांच्या केबिनमध्ये काचेचं टेबल होतं आणि आमच्या खुर्च्या त्यांच्या खुर्चीपेक्षा चार बोटं खाली होत्या. साहेबांनी पान दोनदा वाचलं. त्यांचे डोळे पाणावले असं मी म्हणणार नाही, पण चष्मा त्यांनी पुसला.

"तीन वर्षं," ते म्हणाले, "मी एकटा पडलो होतो. गोल खाल्ले तर खाल्ले, एक जास्त घालायचा, हे कोणाला कळतच नव्हतं. आज पहिल्यांदा समर्थकांनी मला समजून घेतलं."

"साहेब, तरी विचार करा," मामा घाईने म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "एकदम काढू नका. माणूस आहे."

"नाही नाही. लोकांनी एवढा अभ्यास करून सांगायचं आणि मी ऐकायचं नाही? मी काय हट्टी माणूस आहे?"

आठव्या दिवशी क्लबच्या फलकावर नोटीस लागली. समर्थकांच्या मागणीचा मान राखून लेफ्ट बॅक दुसऱ्या संघाला दिला आहे आणि त्याच्या बदल्यात पाचवा फॉरवर्ड घेतला आहे. शेजारी आमचं पान जसंच्या तसं डकवलेलं. चार सह्यांसकट.

त्यानंतर जे झालं त्याला चर्चा म्हणत नाहीत. डॉक्टरीणबाईंकडे दाढ काढायला आलेला माणूस खुर्चीत आडवा पडून, तोंडात आरसा असताना, त्यांना अद्वातद्वा बोलला. लिफ्टवाल्याला तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लोकांनी जाब विचारला. मला माझ्याच जुन्या विद्यार्थ्याने भर रस्त्यात म्हटलं, "सर, आम्हाला वजाबाकी शिकवलीत, स्वतः विसरलात काय?"

 रविवारी सकाळी मामा माझ्या दारात आले. "मास्तर, चला. ताईकडे जायचंय. मी एकटा गेलो तर ती मला बोलूही देणार नाही."

मला बघून ती बोलू देईल, हा त्यांचा आणखी एक अंदाज.

ताईंनी दार उघडलं, भावाकडे पाहिलंच नाही. मला "या" म्हणाल्या. आत भाचा बॅग भरत होता. बारा तासांच्या रेल्वेप्रवासाचं तिकीट टेबलावर पडलं होतं.

"ऐक," मामा म्हणाले, "ते सगळं उलटं होतं. तुला ठेवावं म्हणून—"

"कळलं मला. अख्ख्या गल्लीला कळलंय." भाच्याने मोजे बॅगेत कोंबले. "एवढंच सांग. ती चार कारणं तू मनाने बनवलीस?"

मामा टेबलावरचं तिकीट उलटंपालटं करू लागले.

"बनवलीस का, मामा?"

"...नाही."

तेव्हा पोरगं भडकलं. "मग मला का नाही सांगितलंस? दोन वर्षं! दर मॅचनंतर घरी येऊन 'वा वा, काय खेळलास!' मी उजवीकडे वळताना उशीर करतो हे त्या टाय लावलेल्या माणसाला सांगितलंस, फलकावर लागलं, मला सोडून सगळ्यांना माहीत! मी रुसतो म्हणे!"

"रुसतोसच तू!" मामाही पेटले. "परवाच्या मॅचला दुसरा गोल खाल्ल्यावर कमरेवर हात ठेवून उभा होतास! लाज वाटली मला!"

"मग तेव्हा बोलायचं होतंस!"

"तू माझ्या बहिणीचा एकुलता एक! लाड करू का चुका काढू?"

"चुका काढ! माझी गाडी उद्या आहे. आता काढ!"

त्याने पलंगाखालून बॉल ओढला आणि जिन्यावरून खाली गेला. मामाही गेले, धापा टाकत. खाली दोन इमारतींमध्ये एक फरशीचा बोळ आहे. खिडकीतून दिसलं, मामा दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि ओरडले, "वळ! अरे उजवीकडे, गाढवा! काल वळायला हवं होतंस! परत!"

पोरगं परत आलं. परत चुकलं. वरच्या मजल्यावरून कोणी तरी आवाज कमी करा म्हणालं, त्याला मामांनी शेलक्या शब्दांत खिडकी लावायला लावली.

ताई खिडकीशी उभ्या होत्या.  मग माझ्याकडे वळल्या.

"सही तुमचीही होती ना?"

"होती."

"मग इथे काय करताय? त्याला समोर फॉरवर्ड कमी पडतायत."

मी चपला घातल्या आणि खाली गेलो.