सातवं वेळापत्रक

"वेळापत्रक असं पाळ कमल, जसा देवाचा नेम पाळतेस. तेवढं जमलं की गणित तुझ्या हातचं."

दिवाळीनंतर शिकवणीच्या पहिल्याच दिवशी चुडामण सरांनी हे सांगितलं होतं. जळगावच्या त्या दोन खोल्यांत वावरताना कमलच्या कानात ते अजून घुमत होतं.

नेम पाळणं तिला शिकवायला नको होतं. तुळशीला पाणी, एकादशीचा उपास, गुरुवारी एक वेळ जेवण. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण एकदाही चुकलं नव्हतं. दहावीचं गणित मात्र तेवढं राहिलं होतं, ते राहिलंच. आता धुळ्याला नर्सिंगला जायचं तर दहावी पास हवी, आणि वयाच्या अटीत बसायचं तर हा मार्च शेवटचा. परीक्षेला एकोणीस दिवस उरले होते.

आणि कमल भिंतीवरचं सहावं वेळापत्रक उतरवून सातवं आखत बसली होती.

तांबड्या स्केचपेनने बीजगणित, हिरव्याने भूमिती. रेघ जरा हलली की तिला चैन पडेना. मध्येच उठून तिने दूध बघितलं, सकाळीच काढलेला केर पुन्हा काढला, खिडकीशी उगाच उभी राहिली, परत आली.

नवरा लोटन डाळ मिलमध्ये दुपारपाळीला निघाला होता. चप्पल घालता घालता म्हणाला, "कमल, परीक्षा मार्चला आहे का दिवाळीला? नुसती रांगोळी काढते तू."

"सोमवारपासून नक्की. सोमवार चांगला."

"का, मागचा सोमवार वाईट होता?"

मागच्या सोमवारी तिने सुरू केलंच होतं. मंगळवारी पाहुणे आले, भूमितीचा तास बुडाला, कागदावरचं एक घर कोरं राहिलं. घर कोरं राहिलं म्हणजे नेम मोडला. मोडलेला नेम पुढे कसा न्यायचा? म्हणून नवा कागद, नवा चांगला वार, आणि परत पहिला धडा. पहिला धडा रेषीय समीकरणांचा. तो तिचा सहा वेळा झाला होता. झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. वर्गसमीकरणांची पानं मात्र अजून एकमेकांना चिकटलेली होती. वर्तुळाची प्रमेयं तर तिने लांबूनच पाहिली होती.

लोटनची आत्या तानुअक्का डोळे दाखवायला पारोळ्याहून आली होती. खाटेवर बसून ती शेंगा फोडत होती.

"हाई काय शे व माय? काल ते भितवर एक व्हतं ना. मना डोया बिघडेल शेतस, तरी माले दिखस."

कमलने सगळं सांगितलं. मोडलेला नेम, कोरं घर, सोमवार. अक्का हसली, मग एकदम थांबली.

"सोळा सोमवार करेल शेतस ना तू?"

"हो अक्का. लग्नाच्या वर्षी."

"मझार बाजूले बठनी व्हशी. तवय काय करं?"

कमल लाजली. "तो सोमवार मोजला नाही. पुढचा धरला."

"एकपाईन मोजं का परत?"

"नाही. पहिल्यापासून कशाला? त्याला मोडलं थोडंच म्हणतात!"

"मंग? महादेव सोडी देस, आनि तुना हाऊ कागद नई सोडस?"

कमलचा हात थांबला. त्या वर्षी सहाव्या सोमवारी ती बाजूला बसली होती. पुढच्या सोमवारी सहावाच मोजला होता, आणि उद्यापनाला सासूबाईंनी चुरमा सगळ्या आळीत वाटला होता. तेव्हा तर कोणी पहिल्यापासून धर म्हणालं नव्हतं.

"आते एकपाईन धरानं नई. देवनी आन?"

"आण कशाला अक्का? माझा शब्द."

तिने सहावंच वेळापत्रक परत भिंतीला लावलं. कोरं घर कोरंच ठेवलं आणि वर्गसमीकरणाची पानं बोटाने सोडवली. तीन दिवस बरे गेले. मग डोळ्यांच्या दवाखान्याच्या रांगेत पुरा मंगळवार गेला. बुधवारी पुन्हा तिथेच, चष्म्यासाठी. गुरुवारी सकाळी अक्का एसटीने पारोळ्याला गेली.

दुपारी कमल भिंतीपुढे उभी राहिली. आणखी दोन घरं कोरी. शेजारीशेजारी कोरी राहिलेली ती घरं तिला बघवेनात. ती वळली, पुन्हा वळून बघितलं. ट्रंकेत एक ड्रॉइंग पेपर शिल्लक होता. आणि चार दिवसांवर महाशिवरात्र! सुरुवात करायला त्याहून चांगला दिवस कुठला? पहिल्यापासून, स्वच्छ. अक्का काही बघायला येणार नव्हती.

ट्रंक उघडली गेली. कागद हातात आला. केवढा पांढरा होता तो. परीक्षेला चौदाच दिवस होते.

तिने तो कागद मधोमध दुमडला, अजून एकदा दुमडला आणि भूमितीच्या पुस्तकाला त्याचं कव्हर घातलं.

शेजारच्यांचा रेडिओ मोठ्याने लागला होता. या वेळी महादेवाच्या देवळाच्या ओसरीवर कोणी नसतं. वर्तुळाचं दुसरं प्रमेय सोमवारी अर्धंच राहिलं होतं. त्या पानात बोट घालून तिने पदर सावरला, दाराला हळूच कडी लावली आणि उन्हातून चालू लागली.