पाणी मारायची सवय

म्हाताऱ्यानं जन्मभर गाडीवर भाजी विकली, पण घरात ती टिकवणं त्याला काही जमेना. बायको गेल्यापासून ताटापेक्षा कचऱ्याच्या डब्यातच जास्त भाजी पडायची. लेक रविवारी यायची ती दारातच नाक मुरडायची.

"बाबा, पुढच्या खेपेला असा वास आला ना, तर तुमची चूल बंद. माझ्याकडून डबा येईल."

"डबा आजारी माणसाला देतात."

"मग नासकं खाऊन आजारी पडायची वाट बघू का?"

लेकीची जीभ थेट आईवर गेली होती. चूल गेली की या घरात आपण पाहुणे, हे म्हाताऱ्याला कळत होतं. त्यानं कंबर कसली. पालक आणला, ओंजळीनं भरपूर पाणी मारलं, फडक्यात गच्च बांधून फ्रिजमध्ये ठेवला. बुधवारी फडकं सोडून बघतो तर नुसता चिखल.

तो तिथंच स्टुलावर बसला आणि त्याला जुन्या संध्याकाळी आठवल्या. उरलेली भाजी घरी आली की बायको जमिनीवर जुनी चादर पसरायची. जुड्या सोडून पानं वाऱ्याला ठेवायची, पिवळं पडलेलं पान वेचून काढायची, कोरडी झाली की सुती फडक्यात सैल गुंडाळायची. कांदे-बटाटे वेगवेगळ्या कोपऱ्यात. त्यांना एकमेकांचा शेजार मानवत नाही म्हणायची. हा जाता-येता सवयीनं पाणी मारायला जायचा आणि ती त्याचा हात धरायची.

"अहो, ही गाडी नाही. तुम्हाला ती संध्याकाळपर्यंत टवटवीत दिसायला हवी, मला चार दिवस खायला हवी."

"भाज्यांना अंगडी-टोपडी घालत बस."

"घालते. तुमच्यापेक्षा गुणी आहेत. अंग कोरडं केलं की गप निजतात."

आता हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तर पाणी मारलं गेलं.

त्यानं पुन्हा पालक आणला, कपाटातून चादर काढून पसरली. हात शिवशिवत होता, तो काखेत दाबून धरला. पानं कोरडी झाल्यावर सुती फडक्यात सैलसर गुंडाळून ठेवली.

रविवारी लेकीनं आधी कचऱ्याचा डबा उघडला. नुसती सालं होती. मग फ्रिजमधलं फडकं सोडून तिनं एक देठ मोडला. कट्कन मोडला.

"आईनं कधी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवते कुठली? भांडायची."

लेक हसली. पदरानं डोळे पुसत ओट्याला टेकली.

"जेवूनच जाते आज. काय करताय?"

"बस तू," म्हणत म्हाताऱ्यानं शेगडी पेटवली.