मनगटावरची खूण

आईला जाऊन पावसाळा सरला, तरी कडूबाई तेच विचारत होती आणि काय विचारते ते फकिराला कळत नव्हतं.

कडूबाई त्याची धाकटी बहीण, जन्मापासून मुकीबहिरी. शाळा नाही, लग्न नाही. तिच्या हातांची भाषा एकट्या आईलाच यायची. बाकीचं घर आईच्या हातांनीच तिच्याशी बोलायचं. त्या आईला एकाएकी गाडीत घालून शहरात आणलं. ती दवाखान्यातच गेली, आणि फकिरानं तिला शहरातच अग्नी दिला. कडूबाई फुलंब्रीजवळच्या गावात, शेजारच्या दगडाबाईपाशी राहिली. तिला सांगणार कोण, आणि कसं?

तेव्हापासून फकिरा गावी गेला की ती डावं मनगट बोटांनी चोळायची, रस्त्याकडं हात करायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहायची.

"बांगड्या मागती रं ती," दगडाबाई म्हणाली. फकिरानं शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून बांगड्या नेल्या. कडूबाईनं त्या अंगणात भिरकावल्या.

शहरात, गारखेड्याला मुलाच्या घरी फकिरा राहायचा; तिथं सून सायली मोबाईल घेऊन बसली. "आप्पा, मोठ्या माणसांचे काय काय क्लास निघालेत! केकचा, मधमाश्या पाळायचा, साठीनंतर पोहायचा... हा बघा, खुणांच्या भाषेचा. आपल्या मागच्याच गल्लीत."

"ह्या वयात पाटी घेऊन बसू व्हय?"

"पाटी नाही लागत. हात लागतात."

शिकवणारी लुबना. तिचे अम्मी-अब्बू दोघंही बहिरे, त्यामुळं ही भाषा तिच्या घरचीच. औत धरून राठ झालेली फकिराची बोटं वळता वळेनात.

"चाचा, मुठी काय आवळता? भांडायला आलात का?"

सगळे हसले. तोही हसला.

एके दिवशी तिनं नावं शिकवली. "आमच्यात हाक मारून उपयोग नाही. अंगावर जे दिसतं तेच नाव. अब्बूंच्या कपाळावर वण आहे, म्हणून कपाळावर बोट म्हणजे अब्बू. आणि चाचा, तुमचं नाव ही मिशी."

फकिराचा हात मिशीकडं गेला आणि वाटेतच थांबला. आईच्या डाव्या मनगटावर गोंदण होतं. हिरवी तुळस.

"काय झालं, चाचा?"

"मुकी बहीण मला, गेलेली आई कुठं हाय म्हणून विचारतीय, पोरी. अन् मी तिला बांगड्या नेल्या."

 लुबनानं त्याला मरणाची खूण दाखवली. "पण ती ही भाषा शिकलेली नाही, तिला ही खूण कळणार नाही, चाचा. तुमच्या घरातलंच काहीतरी शोधा."

दुसऱ्या दिवशी तो गावी उतरला. कडूबाई नेहमीसारखी आपल्या घराच्या ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून बसलेली. त्यानं आपलं मनगट चोळलं.

तिचा चेहरा उजळला. ती धडपडत उठली आणि त्याच्या मागं बघू लागली. एसटी निघून गेली. मागं कुणीच नव्हतं.

फकिरानं तिचा हात धरून तिला आत नेलं. भिंतीवर बापाचा हार घातलेला फोटो होता. त्यानं फोटोवर हात ठेवला, मग शेजारच्या मोकळ्या भिंतीवर ठेवला, आणि मनगट चोळलं. कडूबाईनं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. त्याच्या छातीवर बुक्क्या घातल्या. तो हलला नाही. रडत रडत त्यानं पुन्हा फोटोवर हात ठेवला, मोकळ्या भिंतीवर ठेवला, पुन्हा मनगट चोळलं.

तिनं भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

बाहेर दगडाबाई आली होती. "काय सांगितलंस रं तिला?"

 कडूबाई फकिराच्या बाजूनं निघून ओट्यावर गेली आणि रस्त्याकडं पाठ करून बसली.