त्रेसष्ट बटणांची कड

त्याला सगळे पेंटर म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. बावीस वर्षं त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. मग छापील फलक आले, ब्रश वाळून कडक झाले आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ वेबसाइट बनवायला शिकला. लोक हसले. हसायला काय जातं? एका पाच माणसांच्या ऑफिसनं मात्र त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवून घेतलं. काम जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

नवखा म्हणून त्याला बटणं दिली. बटण म्हणजे एक चौकोन आणि वर दोन शब्द, एवढंच आपल्याला दिसतं. पण बटणाचेही रागरंग असतात. एरवी ते गप्प बसलेलं असतं, माउसचा बाण वर आला की गडद होतं, दाबलं की किंचित आत जातं आणि बंद असलं की फिकट पडतं. या ऑफिसात त्या प्रत्येक रूपासाठी एकेक छोटा तयार शब्द होता. त्याला क्लास म्हणायचं. हिरवा रंग हा एक क्लास, गोल कोपरे हा दुसरा, बाण आल्यावर गडद हिरवा हा तिसरा. लागतील ते उचलून बटणाच्या ओळीत एकापुढे एक लिहीत जायचं. हे उमगलं तेव्हा पेंटरचा जीव भांड्यात पडला. हे तर रंगाचे डबेच की! एका डब्यात एक रंग, लागेल तो उघडा, पुरे झाला की झाकण लावा.

साइट होती एका व्यायामोपचार केंद्राची. हातापायांतलं बळ गेलेली माणसं तिथे जात, आणि आता त्यांना उपचाराची वेळ घरबसल्या पक्की करता येणार होती. पेंटरनं त्रेसष्ट बटणं केली. डिझायनरनं ती बघितली, एक दाबलं आणि नाक मुरडलं.

"दाबलं की भोवती ही निळी कड उमटते. घाण दिसते. घालवा ती."

ती कड पेंटरनं लावलेली नव्हती, ब्राउझर स्वतःहून लावत होता. पण पाटीवर शेजारच्या रंगाचा एक ठिपका उडाला तरी ज्याला चैन पडत नसे, त्याला हे सांगणं म्हणजे आयतंच निमित्त. कड पुसणारा क्लास त्यानं एकूण एक बटणाच्या ओळीत लिहिला. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. ती कड मुळात तिथे का असते, हे त्यानं विचारलं नाही. डिझायनरनंही नाही. दोघांना एकमेकांची सफाई फार आवडली.

घरी पेंटर आणि त्याची मोठी बहीण, दोघंच राहत. ताईनं तीस वर्षं एका कार्यालयात टायपिंग केलं होतं आणि बोलताना अजूनही ती वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिल्यासारखं बोट टेकवायची. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, वाचा सावरली, उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. याच केंद्रातल्या हाताच्या उपचारांसाठी सात आठवडे वाट बघितल्यावर तिला वेळ मिळाली होती. आता साइटवर जाऊन ती फक्त नक्की करायची होती.

"ताई, माझ्याच बटणावर तुझं काम," पेंटर म्हणाला. त्याची छाती बघण्यासारखी झाली होती.

"मग मीच दाबते. तू दात घास."

तो तोंडात ब्रश घेऊन मोरीत उभा होता, तेवढ्यात तिचा "झालं रे!" आला. मग वेगळ्याच आवाजात, "अरे, इकडे ये बघू."

पडद्यावर लिहिलं होतं: तुमची वेळ रद्द झाली आहे.

"मी 'नक्की करा' दाबलं," ताई म्हणाली. "मला चांगलं आठवतंय."

पेंटरनं केंद्रात फोन लावला. तिथली बाई बिचारी गोड बोलली, पण ती वेळ यादीतल्या पुढच्या माणसाला केव्हाच गेली होती. आता साइटवरच्या रिकाम्या तारखांतून नवी निवडायची, आणि त्या सगळ्या महिन्यापलीकडच्या.

"जाऊ दे ताई, माणूस चुकतो," तो म्हणाला. यापेक्षा वाईट वाक्य त्याला त्या वेळी सापडलं नसतं.

ताई रडली नाही. तिनं खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंच होतं, डोक्यावरही परिणाम होऊ शकतो म्हणून. सुरू झालेलं दिसतंय."

आणि त्या दिवसापासून तिनं स्वतःवरचा भरवसाच काढून घेतला. कोडी सोडवायचं बंद केलं. घराची किल्ली पेंटरच्या खिशात टाकली. डाव्या हातानं ती इतके महिने चहा करत होती, तेही सोडलं. रोज सकाळी तो निघताना दारापर्यंत येऊन विचारायची, "गॅस तू बंद केलास ना? मी बघितलाय, पण माझं काही खरं नाही." हात गेला तेव्हा जी बाई खचली नव्हती, ती एका बटणानं खचली. पेंटरला ते बघवेना.

शनिवारी तो तिच्याच खुर्चीत बसला. ताईनं जे केलं ते आपण करून बघावं, म्हणून त्यानं उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्या हातात माउस धरला. बाण भलतीकडेच पळायला लागला.

"ताई, तू डाव्या हातानं माउस कसा धरतेस गं?"

"माउस कशाला? टॅबची कळ आहे ना. टॅब दाबला की पुढचं बटण, एन्टर दाबला की काम. माझी बोटं तीस वर्षं तेच करत आलीत."

पेंटरनं टॅब दाबला. पडद्यावर काही हललं नाही. परत दाबला. काही नाही. तो कुठल्या तरी बटणावर होता खास, पण कुठल्या, ते त्या यंत्रालाच ठाऊक. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. माउस न धरणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे दिसावं, म्हणून ब्राउझर ती निळी कड लावत होता. आणि यानं ती त्रेसष्ट ठिकाणी घासून पुसली होती. तीसुद्धा हात न चालणाऱ्या लोकांच्या साइटवर!

"ताई, चूक तुझी नव्हती. माझी होती."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस. तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. आणि हे ऑफिसात बडबडू नकोस, सोमवारी तुझा निकाल आहे."

आता पेंटरला ती कड गुपचूप परत आणता आली असती. कोणाला पत्ता लागला नसता, नोकरीही टिकली असती. रविवारभर तो पुस्तकं चाळत बसला आणि हा विचार त्याच्या मनात एकदा नाही, चांगला चारपाच वेळा येऊन गेला. पण ताईसारखी आणखी किती माणसं आपापल्या घरी आपल्या डोक्याला दोष देत बसली असतील? ती शोधायची तर केंद्राची यादी हवी, आणि यादी मागायची तर तोंड उघडायला हवं.

सोमवारी तो थेट ऑफिस चालवणाऱ्या मॅडमच्या टेबलापाशी गेला आणि सगळं सांगून टाकलं. मॅडमनी केंद्राला फोन करून यादी मागवली. साइट सुरू झाल्यापासून सतरा जणांची वेळ रद्द झाली होती. ताई सोडून बाकीच्या एकेकाला मॅडमनी स्वतः फोन केले. ताई धरून सतरापैकी नऊ जणांना ती रद्द करायचीच नव्हती. फोन ठेवून त्या पेंटर आणि डिझायनरकडे वळल्या.

"कड काढायला कोणी सांगितलं होतं?"

डिझायनर बुटांकडे बघायला लागला. "हात माझा होता, मॅडम," पेंटर म्हणाला. "विचारायला हवं होतं."

"पण माउसनं दाबल्यावर ती घाणच दिसते," डिझायनर पुटपुटला. जित्याची खोड!

"दिसणार नाही," पेंटर म्हणाला. "फोकस-व्हिजिबल म्हणून एक प्रकार आहे. टॅबनं आलात तरच कड उमटते, माउसनं दाबलंत तर नाही. क्लास तयारच आहे. मला डबा माहीत नव्हता, इतकंच."

डिझायनरनं मान वर केली. "मग जाडच करा की. गडद निळी, आणि मधे पांढरी फट सोडा. लांबून दिसली पाहिजे." हे बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"त्या नऊ जणांना लवकरच्या वेळा मिळतात का, ते मी केंद्राशी बोलते," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या कायम होण्याचं नंतर बघू. आधी बटणं."

संध्याकाळपर्यंत पेंटरनं त्रेसष्ट ओळींतून जुना क्लास काढला, नवा लिहिला आणि डोळ्यांत तेल घालून दोनदा तपासलं. घरी येऊन त्यानं ताईला जवळजवळ ओढतच खुर्चीत बसवलं.

"मी नाही हात लावणार," ती म्हणाली.

"फक्त टॅब. एन्टर दाबू नकोस."

तिनं रिकाम्यातली एक तारीख निवडली आणि टॅब दाबला. 'नक्की करा'भोवती जाड निळी कड उभी राहिली. तिनं पुन्हा दाबला, आणि कड उडी मारून 'रद्द करा'वर गेली.

ताईचं बोट तिथेच थांबलं.

"त्या दिवशी मी टॅब दाबला होता," ती सावकाश म्हणाली. "काही हललं नाही. वाटलं, लागला नाही. म्हणून परत जोरात दाबला, आणि मग एन्टर. म्हणजे पहिला लागला होता रे!"

"लागला होता."

"म्हणजे मी बरोबर होते."

"तू बरोबरच होतीस, ताई."

तिनं कड परत 'नक्की करा'वर आणली आणि एन्टर दाबला. सव्वा महिन्यानंतरची वेळ नक्की झाली. पेंटरनं हुश्श केलं, पण ताई थांबायला तयार नव्हती. तिचा टॅब सुरूच राहिला, या पानावरून त्या पानावर, आणि ती कार्यालयातल्या जुन्या आवाजात मोजत गेली. तो आवाज पेंटरनं वर्षभर ऐकला नव्हता. एकसष्ट. बासष्ट.

"इथे हरवली बघ," ती म्हणाली. "सूचना बंद करायची ही फुली. हिच्यावर कड नाही."

पेंटर वाकला. खरंच नव्हती. दोनदा तपासूनही एक राहिलं होतं, आणि पकडला गेल्याचा इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

"काय रे हे? त्रेसष्टातलं एक राहतं कसं?" ताईनं टेबलावर बोट टेकवलं आणि उठली. "ते नीट कर. मी चहा ठेवते."

पेंटर सवयीनं तिच्यामागे निघाला.

"तू बस," ती आतून म्हणाली. "गॅस मी बंद करीन."