येतं थोडंफार

आमचे हे पाइप वेल्डर आहेत. लोखंडाला लोखंड असं जोडतात की टाका कुठे घातला ते शोधावं लागतं. हे मी बायको म्हणून सांगत नाही, शिंपीण म्हणून सांगते. एकवीस वर्षं ब्लाउज शिवतेय, सरळ शिवण कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको. पण ह्यांना कोणी विचारू दे, "काय हो, वेल्डिंग येतं का?" की मान खाली घालून म्हणणार, "येतं थोडंफार."

ह्या थोडंफारने आमच्या हातातोंडाशी आलेली नोकरी घालवलीच होती.

पण त्याआधी थोरल्या दिरांचं सांगायला हवं. तेही वेल्डरच. सहा वर्षांपूर्वी एका एजंटाने त्यांना परदेशी पाठवलं, तेही पाहुणा म्हणून. कामाचे कागद काय, तिकडे गेल्यावर होतील म्हणाला. ते आजपर्यंत झालेले नाहीत. दीर लपूनछपून काम करतात. एकदा इकडे आले तर परत तिकडचं दार बंद, म्हणून ते येतच नाहीत. सासरे गेले तेव्हासुद्धा त्यांनी वडिलांना फोनवरच पाहिलं. निघताना दारात उभे राहून "आई, येतो" म्हणाले होते.

तेव्हापासून सासूबाईंना कोणी "येतो" म्हटलं की त्या "ये" म्हणत नाहीत. "बघू" म्हणतात. सगळ्यांना. दूधवाला कॅन उचलून "येतो मावशी" म्हणाला, तर त्यालाही "बघू". बिचाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, दुसरीकडचं दूध लावताय का?"

तर ह्यांनी परदेशाचा विषय काढला तेव्हा सासूबाईंनी साफ सांगितलं, "कामाचा परवाना हातात हवा आणि परत यायची सोय कागदावर हवी. नाहीतर उंबरा ओलांडायचा नाही." दोन दिवसांनी तोच एजंट वास काढत घरी आला. "महिन्याभरात पाहुणा म्हणून पाठवतो," एवढं त्याने म्हणायचा अवकाश, सासूबाईंनी त्याच्या हातातला अर्धा चहा काढून घेतला. "उरलेला तिकडे गेल्यावर मिळेल," म्हणाल्या. मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले.

मग आम्ही सरळ रस्ता धरला. सरकारी यादीत नाव असलेलं ऑफिस शोधलं. अर्ज भरला. ह्यांनी परीक्षा दिली, आडव्या-तिरक्या धरलेल्या पाइपचा जोड. त्या जोडाचा एक्सरे काढला, तर आत सुईच्या टोकाएवढंही भोक निघालं नाही. मी तर त्याच दिवशी ह्यांच्या बॅगेचं माप घ्यायला लागले. आणि मग मुलाखतीच्या आदल्या दिवशी अर्जाची प्रत माझ्या हाताला लागली. "आपल्या कामाला दहापैकी किती गुण द्याल?" ह्या प्रश्नापुढे ह्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: सहा.

"सहा?" मी ओरडले. "सहा कोणी देतं का स्वतःला?"

"अगं, दहा म्हणजे अतीच होतं. नऊ मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचे. मग आठ घेऊन उस्तादांच्या शेजारी जाऊन बसू का मी? जरा अंतर नको?"

आता ह्या माणसाला मुलाखतीला एकटं सोडणं शक्य होतं का? मी दुकानाला कुलूप लावलं आणि बरोबर निघाले. "मला घरी बसून धडधड होते," म्हणत सासूबाईही रिक्षात येऊन बसल्या.

ऑफिस एक जिना चढून वर होतं. लांब टेबल, खडखडणारा पंखा, पाण्याचा जग. टेबलापलीकडे परदेशी साहेब. उंच, गंभीर, आणि त्याच्या हातात ह्यांनी जोडलेला तो पाइप. जोडावरून तो पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होता, मी सिल्कवरून फिरवते तसा. मला वाटलं, झालं काम! त्याच्या शेजारी चष्मा लावलेली दुभाषी बाई. तिने बसतानाच बजावलं, "मी शब्दाला शब्द सांगते हं. पदरचं काही घालत नाही."

साहेबाने पहिला प्रश्न विचारला. बाई म्हणाली, "पाइप वेल्डिंग येतं का?"

"येतं थोडंफार," हे म्हणाले.

बाईने शब्दाला शब्द सांगितलं. साहेबाने भुवई उचलली.

"डोक्यावरच्या पाइपचा जोड करता येईल?"

"जमेल बहुतेक."

"किती वर्षांचा अनुभव?"

"तसं सतरा वर्षं झाली. पण अजून शिकतोच आहे."

मी टेबलाखालून ह्यांना पाय मारला. "आई गं!" सासूबाई ओरडल्या. पाय त्यांना लागला होता. साहेब दचकला. बाईने प्रामाणिकपणे तेही भाषांतर केलं असावं, कारण तो सासूबाईंकडे काळजीने बघायला लागला.

मग त्याने अर्ज काढला, सहावर बोट ठेवलं, आणि बराच वेळ बोलला. बाईने सांगितलं, "ते म्हणतात, जोड चांगला आहे. पण त्यांना खात्रीचा माणूस हवा. थोडंफार, बहुतेक, शिकतोय... अशा माणसाला ते दाबाच्या पाइपवर कसे उभे करतील? कळवतो म्हणतात."

कळवतो म्हणजे काय, ते कुठल्याही भाषेत कळतं. सतरा वर्षं ठिणग्या झेलून ह्या माणसाचे सगळे शर्ट चाळण झालेत, रफू करून करून माझे डोळे गेले, आणि नोकरी चालली होती कशाने, तर नम्रपणाने! मला ह्यांचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की आधी काय करावं ते सुचेना. हे मात्र शांतपणे उठले. खुर्ची सरळ लावली. हात जोडले आणि म्हणाले, "बरं साहेब, येतो मी."

बाईने शब्दाला शब्द सांगितलं.

साहेबाने पेन खाली ठेवलं. बाईला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. आणि तो गंभीर माणूस एकदम हसायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ते विचारतायत, येतो म्हणजे कधी येतो? सगळ्याला बहुतेक म्हणाला, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणतो येतो! ह्यात बहुतेक कसं नाही?"

हे लाजेने लाल झाले. "अहो, तसं नव्हे. आमच्यात निघताना जातो म्हणत नाहीत."

"जातो म्हटलं तर माणूस परत कसा येणार?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणून येतो म्हणायचं. निघालो, पण परत येणार, असं."

बाईने चष्मा काढला. मग पहिल्यांदाच तिने पदरचं घातलं, आणि चांगलं पदरभर घातलं. हात हलवून हलवून काय काय सांगत होती कोण जाणे. साहेब ऐकत राहिला. मग त्याने सावकाश विचारलं, "म्हणजे ह्यांच्यात जाणारा येतो म्हणतो. मग थोडंफार म्हणजे किती?"

आता मी कशाला गप्प बसते! "साहेब, थोडंफार म्हणजे सगळं. बहुतेक म्हणजे नक्की. आणि अजून शिकतोय म्हणजे आता दुसऱ्याला शिकवायची वेळ आली!"

"मग तुम्ही किती गुण द्याल?"

"साडेनऊ."

"अर्धा कुठे गेला?"

"माझ्या शिलाई मशीनचा स्टँड जोडून देतो म्हणून तीन वर्षं झाली. अजून विटेवर उभा आहे."

बाई भाषांतर करता करता फिसकन हसली. साहेबाने टेबलावर थाप मारली, सहावर काट मारून साडेनऊ लिहिलं आणि करार पुढे सरकवला. कामाचा परवाना कंपनी काढणार, राहायला खोली, आठवड्याला एक सुट्टी. मला आतून उकळ्या फुटत होत्या. पण सही करायला हे वाकले तसा सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "परत यायचं कुठे लिहिलंय?"

बाईने पान उलटून वाचून दाखवलं. दर वर्षी महिन्याची रजा, जायचं-यायचं तिकीट कंपनीचं, पुन्हा कामावर रुजू व्हायचा हक्क. सासूबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं आणि मगच हात सोडला.

परवाना हातात आला, आणि निघायच्या आधी मशीनचा स्टँडही सरळ झाला. घरभर पळापळ सुरू होती. वेल्डिंगचं हेल्मेट बॅगेत मावेना, तेव्हा हे ते डोक्यात घालून निघतो म्हणाले. मी हसत होते, रडत होते आणि मोजे शोधत होते. दारात ह्यांनी सासूबाईंना वाकून नमस्कार केला. "आई, येतो."

सासूबाईंचे ओठ हलले. "बघू," त्या म्हणाल्या.

हे गेले. रिक्षा कोपऱ्यावरून वळली. मी दार लावलं आणि दाराला टेकून उभी राहिले. दोन मिनिटंही झाली नसतील, धाडधाड दार वाजलं. उघडलं तर हे! घामाघूम, हेल्मेट काखेत.

"फाइल! अगं, परवान्याची फाइल राहिली!"

आम्ही उशा उलटल्या, गादी उलटली. आणि सासूबाई आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, फाइल मांडीवर, रजेचं पान वर काढलेलं. सकाळी शेजारणीकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं होतं, आणि तशाच धरून बसल्या होत्या.

"बघ," हे धापा टाकत हसले, "आलो की नाही?"

सासूबाईंनी पान नीट फाइलीत घातलं, बंद बांधला आणि फाइल ह्यांच्या हातात दिली.

"चल आई, येतो."

"ये," त्या म्हणाल्या.