पंचफुला ज्ञानोबा, दोन घागरी

माझ्या लेकीचं, चांगुणाचं कार्ड आलं. लिहिलं होतं, दादा, पोरं यंदाही येतील, तुम्हाला सोबत होईल. मी कार्ड दोनदा वाचलं आणि कोनाड्यात ठेवलं. नको म्हणून कळवायला हवं होतं. पण बायको पौषात गेली आणि चैत्रात नातवंडांना येऊ नका म्हणायचं, हे माझ्याच्यानं लिहवेना.

जावई मुदखेडला रेल्वेत आहे, रुळाच्या कामावर. पोरांना घेऊन तो नांदेडहून यष्टीनं आला, अहमदपूरच्या पुढं आमच्या फाट्यावर उतरला, घरी येऊन चहा घेतला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. मागं तीन पोरं राहिली. व्यंकट दहा वर्षांचा, सिंधू सात वर्षांची आणि दगडू चारचा. दगडूच्या आधीची दोन लेकरं वाचली नाहीत, म्हणून त्याचं नाव दगडोबा ठेवलं. दगडासारखा एका जागी मात्र तो घडीभर बसत नाही.

इतकी वर्षं पोरं यायची ती त्यांच्या आजीकडं. मी बाजारातून टरबूज आणायचो, संध्याकाळी पारावर बसायचो आणि गोंगाट फार झाला की ओरडायचो. एवढंच माझं काम. बाकीचं ती करायची. ते किती होतं हे मला या वर्षी कळलं. पहाटे उठून चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, त्या संपेपर्यंत कुणीतरी पडलेलं असायचं, कुणीतरी रडत असायचं. दुपारी डोळा लागला की सिंधू येऊन पापणी उघडून बघायची.

"आबा, झोपलाव का?"

"हाव."

"मग बोलायलाव कसं?"

एकदा जेवताना व्यंकट म्हणाला, "आबा, आजीच्या भाकरीला पापुद्रा यायचा. ही तर वातड हाय."

"मग आजीला सांग," मी म्हणालो. चाळीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं. पोरंही खाली बघून चावत राहिली.

यंदा पाणी नव्हतं. आड फाल्गुनातच आटला होता. लातूर जिल्हा नवा झाला तसं टँकर लातूरहून यायला लागला, दर तिसऱ्या दिवशी. माणशी दोन घागरी. शाळेसमोर रांग लागायची आणि पंचायतीचा शिपाई भुजंग यादी वाचायचा. नाव पुकारलं की त्या माणसानं "हाय" म्हणायचं आणि घागर नळीखाली लावायची. नव्या जिल्ह्याची म्हणून यादीही नवी केली होती. पण ती कुणीतरी जुन्या रेशनकार्डावरून उतरवली होती. माझ्या नावाखाली तिचं नाव तसंच राहिलं.

पहिल्यांदा भुजंगानं ते पुकारलं तेव्हा त्याच्याही ध्यानात नव्हतं. "पंचफुला ज्ञानोबा," तो म्हणाला आणि मग कागदावरून डोळे वर केले. सगळी रांग माझ्याकडं बघायला लागली.

मी "हाय" म्हणालो.

त्यानं दोन घागरी भरू दिल्या. त्यानंतर दर तिसऱ्या दिवशी तसंच झालं. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

मला पाण्याची हाव नव्हती. तिचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. मी "अगं" म्हणायचो, चारचौघांत "चांगुणाची माय" म्हणायचो. बायकाही तिला तेच म्हणायच्या. तिच्या आईबापामागं तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आता ती गेल्यावर भर गावात मोठ्यानं तिचं नाव घेतलं जायचं, आणि तिथं मी उभा असायचो. ते मला बंद होऊ द्यायचं नव्हतं.

तिच्या दोन घागरी मी तिच्या रांजणात ओतायचो. रांजण सांजच्याला रिकामा असू नये, असं ती म्हणायची. मी पाणी माठातलं प्यायचो. तिसऱ्या दिवशी रांजणातलं शिळं पाणी शेजारच्या केवळाबाईच्या म्हशीला द्यायचो आणि ताजं भरायचो.

पोरं आल्यावर माझ्या दोन घागरींत चौघांचं भागेना. दगडूचं ढुंगण धुवायचं, पीठ भिजवायचं, आणि पोरं तर पाण्यानंच खेळतात. रांजणाला हात लावायचा नाही, असं मी त्यांना बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुपारी माठ रिकामा वाजायला लागला. मी कळशी घेऊन केवळाबाईकडं गेलो. तिनं अर्धी कळशी दिली. देताना म्हणाली, "भावजी, राग नका धरू. म्हशीला चालतंय ते पाणी, नातवाला चालत न्हाई व्हय?"

मी कळशी उचलून घरी आलो.

संध्याकाळी भुजंगाला गाठलं. पाहुण्या पोरांची नावं यादीत घालता येतात का, विचारलं.

"येतेत की. परवा टँकरसंगं ग्रामसेवक यायलालेत. त्येच लिहितेत." त्यानं आवाज खाली केला. "पर काका, त्ये घरातली माणसं मोजतेत. हायत त्येंची नावं घालायची, न्हाईत त्येंची काढायची. दोन्ही एकदमच."

"बरं," म्हणालो आणि घरी आलो.

रात्रभर विचार करण्याएवढं काही नव्हतं. पोरांना परत धाडायचं, हे मी वाटेतच ठरवलं. तसाही मी दमलो होतो. व्यंकटाला कार्ड लिहायला बसवलं.

"लिही. इथं पाण्याचे हाल आहेत. कार्ड मिळताच येऊन पोरांना घेऊन जावे."

त्यानं लिहिलं नाही. पेन्सिल चावत म्हणाला, "पानी तर हाय, आबा."

"ते आजीचं हाय."

"आजी कुठं पिती?"

"लिही म्हणलं ना."

त्यानं लिहिलं. अक्षर चांगलं होतं. खाली स्वतःच्या मनानं घातलं, 'आम्ही त्रास देत नाहीत.' ते मी खोडायला लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी कार्ड खिशात घालून रांगेला गेलो. टँकरचं झालं की फाट्यावर जाऊन पेटीत टाकायचं होतं. पोरं घरी थांबेनात, म्हणून सोबत आली. टेबल टाकून ग्रामसेवक बसला होता. भुजंग बाजूला उभा राहून नावं पुकारत होता. माझं झालं. मी घागर सरकवली.

"पंचफुला ज्ञानोबा."

मी तोंड उघडण्याआधीच दगडूनं माझं बोट सोडलं.

"आजी आली?"

आजी गावाला गेली, असं चांगुणानं त्याला सांगितलेलं. मातीला त्याला आणलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं आजीला आता कुणीतरी हाक मारली होती, म्हणजे ती इथंच कुठंतरी होती. तो रांगेच्या कडेनं पळत सुटला. बायकांच्या डोक्यावर पदर होते. तो एकेकीपुढं उभा राहून खालून तोंडाकडं बघायचा आणि पुढच्या बाईकडं जायचा. कुणी हसलं नाही. केवळाबाईनं त्याला उचलायला हात केले, तर तो तिच्या हाताखालून निसटला. रांगेच्या शेवटापर्यंत गेला, टँकरच्या मागं जाऊन आला. मग हळूहळू चालत माझ्याजवळ आला.

"आबा, न्हाई आजी."

भुजंग कागदाकडं बघत होता. घागर भरून पाणी सांडायला लागलं तेव्हा कुणीतरी नळी दुसऱ्या घागरीत घातली.

"हाव," मी म्हणालो. "न्हाई."

मी टेबलाजवळ गेलो. ग्रामसेवकाला म्हणालो, "एक नाव कमी करायचं हाय आन् तीन घालायची हायत."

त्यानं पेन उघडला. नवा माणूस होता, त्याला काही माहीत नव्हतं. "कोणतं कमी करायचं?"

मी त्याच्या पुढ्यातल्या यादीवर बोट ठेवलं. बोटाखाली दोन नावं येत होती, त्याला कळेना. "नाव सांगा ना बाबा."

मागं बायका होत्या. सगळ्यांना ऐकू जाणार होतं. मी एकदा खाकरलो.

"पंचफुला," म्हणालो.

त्यानं रेघ मारली. "कधी वारल्या?"

"पौषात."

"आणि घालायची कोणती?"

ती व्यंकटानंच सांगितली, शाळेत सांगतात तशी, बापाच्या नावासकट.

त्या दिवसापासून आठ घागरी वाहतो. व्यंकट सिंधूला घेऊन एकेक कळशी आणतो आणि निम्मी वाटेत सांडतो. रांजणातलं पाणी पोरं पितात. तिच्या तांब्याला त्यांनी दोन दिवसांत पोचे पाडले. खांदे दुखतात, दुपारी झोप होत नाही, भाकरी अजून वातडच होते. कार्ड कोनाड्यात आहे, चांगुणाच्या कार्डाखाली. ते पेटीत टाकायला फाट्यावर जाणं झालं नाही.

पाहुण्यांची नावं यादीत अगदी शेवटी पुकारतात. माझ्या नावानंतर आता शंकरप्पाचं नाव येतं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, बैलबाजारात सोबत जायचो आम्ही. भुजंग त्याचं नाव पुकारतो, पण तो लगेच "हाय" म्हणत नाही. मधे एक नाव पुकारायला लागतं तेवढा थांबतो. मग घागर लावतो.