स्टिअरिंगची थरथर

मिस्त्रीला हल्ली गाडीखाली शिरणं जमायचं, बाहेर निघताना मात्र देव आठवायचे. कंबर कधीच कामातून गेली होती. दिवस मावळायला आला होता, अंगात त्राण नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच थोरल्या भावाची म्हातारी गाडी दारात येऊन उभी राहिली. घरचं गिऱ्हाईक, त्याला उद्या ये म्हणायची सोय नाही.

तक्रार दादानेच सांगितली. स्टिअरिंग थरथरतं, गाडी भलतीकडे ओढते, परवा तर फुटपाथला घासली. वहिनीला दिवसाआड डायलिसिसला न्यावं लागे, आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला ती तयार नसे. उद्या सकाळी पुन्हा जायचं होतं. ती बाजूच्या बाकावर डोळे मिटून बसली होती.

पुढची चाकं उचलून गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवली. स्टिअरिंगच्या सांध्यातला ढिलेपणा डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळतो. म्हणून एकाने वर बसून स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून सांधा धरायचा. दोघं भाऊ मिळून गॅरेज चालवायचे तेव्हापासूनची ही वाटणी होती. दादा वर, धाकटा खाली. गाडीखाली पडून पडून कंबर गेली ती धाकट्याची, आणि हात चांगला म्हणून नाव झालं ते दादाचं. यावरून मिस्त्रीने त्याला आयुष्यभर टोमणे मारले होते.

स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा डावीकडचा सांधा खुळखुळा झाला होता. वरचं रबर फाटलेलं, आतल्या ग्रीसची माती झालेली. मिस्त्रीला हायसं वाटलं. जुना सांधा किती फेऱ्यांत सुटला ते लक्षात ठेवून त्याने नवा तेवढाच आत बसवला, नट आवळला आणि पुन्हा खाली सरकला. दादाला म्हणाला, आता नुसतं धरून ठेव.

बोटांखाली बारीक थरथर लागली. त्याने नट तपासला, उजवीकडचा सांधा चाचपला. सगळं घट्ट होतं. तो वैतागला.

"दादा, हलवू नको म्हटलं ना."

"नाही हलवत."

मिस्त्रीने पुन्हा सांध्यावर बोटं ठेवली. मग म्हणाला, "हात काढ बघू."

थरथर थांबली.

"धर."

पुन्हा सुरू झाली. मिस्त्री तसाच पडून राहिला. आज पहिल्यांदाच त्याला बाहेर निघावंसं वाटेना. इतका थकवा त्याला दिवसभरात आला नव्हता.

शेवटी वरूनच आवाज आला, अगदी हळू. "दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असंच झालं म्हणायचं. मला वाटलं होतं, गाडीतच असेल."

मिस्त्री कण्हत बाहेर आला आणि हात पुसत बसला. उद्यापासून वहिनीला मी नेतो, म्हणाला. तुला कुठे वेळ आहे, असं दादाने विचारलं. वेळ नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"काढू," मिस्त्री म्हणाला. "डॉक्टरलाही दाखवू."

गाडी खाली उतरवली. आत्ताही घरी मीच सोडतो, म्हणून मिस्त्री चालवायला बसला. वहिनी सवयीने पुढे त्याच्या शेजारी बसली. दादा त्याच्या नेहमीच्या दाराशी गेला, थांबला, आणि मागचं दार उघडून आत बसला.

"झाली नीट?" वहिनीने मागे वळून विचारलं.

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"गाडी झाली," तो म्हणाला.